चिंधीच्या पोटातलं पाणी

"गाभण हाय काय की," आजी म्हणाली. "पोट बघ कसं दिसायलंय."

संक्रांतीला धारूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा चिंधी चुलीपाशी बसली होती. आठ महिन्यांची भाटी. पोट माठासारखं गोल, पण पाठीवरून हात फिरवला तर मणका न् मणका बोटांना लागत होता. गाभण मांजर सगळ्या अंगानं भरतं. ही वरून वाळत चालली होती आणि खालून फुगत. "चार दिस झाले, दुधाला तोंड लावंना," आजीनं पुस्ती जोडली, आणि मग मला या गाभणपणाची शंका यायला लागली.

चिंधी खरी माझ्या काकाच्या पोरीची. दिवाळीनंतर काका-काकू ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले, चौथीतली पोरगीही त्यांच्याबरोबर गेली. मांजर मात्र मागं राहिलं. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं म्हणतात. फडावरच्या कोपीत ते एक दिवस टिकलं नसतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी फडावरून व्हिडिओ कॉल येतो आणि पहिली चौकशी आजीच्या गुडघ्यांची नसते.

अंबाजोगाईच्या ज्या डॉक्टरांकडे तिला नेलं, त्यांचा दिवस गायी-म्हशींत जातो. लाळ्या-खुरकूत, अडलेली गाय, लंपीनंतर राहिलेल्या गाठी. पिशवीतून आणलेलं मांजर बघून त्यांना गंमत वाटली, पण पोटाला हात लावल्यावर ते गप्प झाले. बारीक सुई घालून त्यांनी पोटातलं थोडं पाणी काढलं. गव्हाच्या काडासारखं पिवळं, आणि इतकं चिकट की दोन बोटांत धरलं तर तार सुटावी.

मग त्यांनी जे केलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. एका काचेच्या नळीत साधं शुद्ध पाणी घेतलं, त्यात व्हिनेगरचा थेंब टाकून हलवलं आणि वरून चिंधीच्या पोटातल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडला. तो विरघळला नाही. जेलीफिशसारखा आकार धरून, मागं एक पांढुरकी शेपटी सोडत, सावकाश तळाशी गेला. आजार इतका वाईट आणि दिसायला इतका सुंदर! ही रिव्हाल्टा चाचणी. फाबियो रिव्हाल्टा या इटालियन डॉक्टरानं ती शंभरएक वर्षांपूर्वी माणसांसाठी काढली होती. पोटातलं पाणी नुसतं झिरपलेलं आहे की दाह होऊन आलेलं, हे त्यातून कळायचं. पाण्यात प्रथिनं आणि दाहाचे घटक भरपूर असले, तर आंबट पाण्यात थेंब गोठल्यासारखा एकत्र राहतो. माणसांच्या दवाखान्यांतून ही चाचणी जवळपास गेली. मांजरांच्या डॉक्टरांनी मात्र ती सांभाळून ठेवली, कारण थेंब विरघळून गेला तर एक भयंकर आजार बहुतेक नाही, असं म्हणता येतं. आमचा विरघळला नाही. एवढ्यावर निदान पक्कं होत नाही. पण तापाचा आकडा, वय, रक्ताचा रिपोर्ट हे सगळं एकाच बाजूला झुकत होतं.

आजाराचं नाव फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, थोडक्यात एफआयपी. तो करणारा विषाणू कोरोना कुळातला. आपल्याला झाला तो नव्हे, त्याचा लांबचा भाऊबंद. माणसाला तो होत नाही. जिथं चार मांजरं एकत्र राहतात तिथं हा विषाणू आतड्यात सर्रास असतो आणि सहसा काही करत नाही. दोन दिवस पातळ शी झाली तर झाली. पण थोड्या मांजरांत, बहुतेक वेळा दोन वर्षांच्या आतल्यांत, त्या एका मांजराच्या अंगातच विषाणू बदलतो. आतडं सोडतो आणि मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. या पेशींचं कामच जंतू गिळण्याचं. म्हणजे चोरानं पोलिसांचीच जीप पळवावी आणि तिच्यातून गावभर फिरावं, तशातली गत. जीप जिथं थांबते तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, आणि नव्या माठासारख्या पाझरायला लागतात. आजीला गर्भ वाटला, तो हा पाझर होता.

बोस्टनच्या प्राणी रुग्णालयातल्या जीन होल्झवर्थ यांनी १९६३ साली या आजाराचं पहिलं वर्णन केलं. त्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ डॉक्टरांकडे सांगण्यासारखं एकच वाक्य होतं: घरी न्या आणि जपा. पोटात पाणी झालेली मांजरं बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जायची.

आमच्या डॉक्टरांनी ते वाक्य उच्चारलं नाही. पुण्यातल्या एका मांजरांच्या डॉक्टरांशी फोनवर बरंच बोलून ते परत आले आणि म्हणाले, "रेमडेसिविर देऊन बघू."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हा शब्द औषधाच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही. एप्रिल २०२१मध्ये तो प्रत्येकाच्या फोनमध्ये होता. मेडिकलपुढच्या रांगा, ओळखीच्या ओळखीला केलेले फोन, काळ्या बाजारातले भाव. ज्या घरांतली माणसं त्या महिन्यात गेली, त्यांच्यापुढे मांजराच्या रेमडेसिविरची गोष्ट सांगायला जीभ अडखळते. तरी सांगतो, कारण या औषधाची पुढची हकीकत त्या रांगेत उभं राहिलेल्यांनाच जास्त कळेल.

कोरोना विषाणूचा जनुकीय मजकूर म्हणजे चार प्रकारच्या, तीस हजारांच्या आसपास मण्यांची माळ. पेशीत शिरल्यावर विषाणू एकच काम करतो, माळेवरून माळ ओवतो. रेमडेसिविर पेशीत जाऊन एक खोटा मणी बनतं. खऱ्या मण्याशी इतका हुबेहूब की ओवणाऱ्याला फरक कळत नाही, फक्त एका बाजूला बारीक उंचवटा असतो. गंमत अशी, की खोटा मणी ओवल्याबरोबर काम थांबत नाही. आपल्या कोविडच्या विषाणूत पुढं आणखी तीन मणी ओवले जातात आणि मग तो उंचवटा ओवणाऱ्या यंत्राच्या अंगात अडकतो. दोरा तिथंच संपतो. अर्धी माळ कुणाच्या कामाची नाही.

हाच खोटा मणी त्याच्या साध्या रूपात असतो, तेव्हा त्याला जीएस-४४१५२४ म्हणतात. रेमडेसिविर टोचलं की रक्तात थोड्या वेळानं प्रामुख्यानं तोच फिरताना सापडतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथले पशुवैद्य नील्स पेडरसन यांनी आपली उभी कारकीर्द एफआयपीमागं घातली होती. त्यांच्या गटानं हे रसायन मांजरांना दिलं. पहिले निष्कर्ष २०१८ साली आले. २०१९मध्ये छापलेल्या अभ्यासात आपोआप आजारी पडलेली ३१ मांजरं होती, त्यातली २५ या आजारातून वाचली. सालांकडे पुन्हा बघा. वुहानचं नावही आपण ऐकलं नव्हतं, तेव्हा एका जीवघेण्या कोरोनातून या रेणूनं मांजरं उठवली होती. माणसांमध्ये त्याचा उपयोग किती, यावर वाद झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं तर नोव्हेंबर २०२०मध्येच दवाखान्यातल्या कोविड रुग्णांना ते देऊ नये असा सल्ला दिला होता. आपण ज्याच्यासाठी रांगा लावल्या, ते औषध आपल्यापेक्षा मांजराला जास्त लागू पडतं! त्या एप्रिलमध्ये हे कुणी सांगितलं असतं तर मार खाल्ला असता.

पुढं जे झालं ते विज्ञानापेक्षा माणसांबद्दल जास्त सांगतं. औषध बनवणाऱ्या कंपनीनं मांजरांसाठी ते बाजारात आणलं नाही. मग चीनमध्ये बनलेल्या, लेबलावर धड काही नसलेल्या कुप्या जगभर चोरवाटांनी फिरायला लागल्या, आणि साधी, कायदा पाळणारी माणसं स्वयंपाकघरात बसून आपल्या मांजरांना त्या टोचायला शिकली. ब्रिटनमध्ये २०२१पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रीतसर मिळू लागलं, अमेरिकेत २०२४पासून. आता वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरातली ऐंशीहून जास्त मांजरं वाचलेली दिसतात.

सायप्रस बेटावर २०२३ साली हा आजार वणव्यासारखा पसरला. एरवी तो मांजराच्या अंगात आपला आपण घडतो, सहसा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. तिथल्या विषाणूनं मात्र कुत्र्याच्या कोरोनाचा एक मोठा तुकडा उचलला होता आणि मांजरावरून मांजरावर उड्या मारायला तो शिकला होता. त्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारनं माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांसाठी मोकळ्या केल्या. याच सायप्रसमध्ये शिलूरोकांबोस नावाच्या जागी जाँ-देनी विन्य या फ्रेंच संशोधकाच्या गटाला सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली होती. आत एक माणूस, आणि हातभरही नाही इतक्या अंतरावर, वेगळ्या छोट्या खड्ड्यात, त्याच दिशेला तोंड करून ठेवलेलं मांजर. बेटावर मूळची मांजरं नव्हतीच. कुणीतरी होडीत घालून आणलेली. मांजराच्या हाडांवर कापल्याची खूण नाही, म्हणजे खाल्लेलं नव्हतं. वय अंदाजे आठ महिने.

हे वाचलं तेव्हा चिंधी माझ्या मांडीवर होती. पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

उपचार ८४ दिवसांचा. जर्मनीतल्या एका नव्या अभ्यासात ४२ दिवसही पुरले, पण आमच्या डॉक्टरांनी जुना हिशेब धरला. पहिला आठवडा इंजेक्शनं, मी अंबाजोगाईत खोली घेऊन राहिलो. चौथ्या दिवशी ताप उतरला. नंतर मागवलेल्या गोळ्या, आणि त्या देणारी आजी. वेळ चुकवायची नाही, असं तिला बजावलं होतं. ती म्हणाली, "सातची यष्टी आली की देते." यष्टीला उशीर होतो, हे मी काढलं, तर तिचं उत्तर तयार होतं: "मग समद्यालाच उशीर व्हतो." शेवटी मोबाइलला गजर लावला. गोळी सायीत लपेटून जाते, तिसऱ्या प्रयत्नात.

डोस वजनावर ठरतो आणि मांजर सुधारतंय की नाही हेही वजनच सांगतं. म्हणून दर सोमवारी चिंधी किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर गुळाच्या ढेपेच्या जागी बसते. पहिल्या आठवड्यात वजन उतरलं. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, पोटातलं पाणी गेलं, तेवढं उतरणारच. आता ते चढायला हवं.

एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, कारण शेजारच्या मावशी ती करणारच होत्या. तापलेल्या मांजराला क्रोसिन द्यायची नाही, अर्धी नाही, पावही नाही. तिच्यातलं पॅरासिटामॉल निकामी करण्यासाठी माणसाच्या यकृतात जी व्यवस्था आहे, तिचं जनुक मांजराच्या कुळात केव्हाच मोडून पडलंय. पिढ्यान् पिढ्या नुसतं मांस खाणाऱ्याला झाडपाल्यातली विषं पचवायची गरज पडत नाही. एक गोळी मांजराच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेऊ देत नाही आणि जीव घेते.

आणि मांजर दुखणं सांगत नाही. एकट्यानं शिकार करणाऱ्या, आणि स्वतः इतरांची शिकार होऊ शकणाऱ्या या प्राण्याला कण्हणं परवडत नाही. म्हणून खुणा बारीक असतात. अंग चाटायचं सोडणं. उंच फळीवर न चढणं. घुरघुर ऐकून तर फसायला होतं, कारण दुखऱ्या, मरणाच्या दारातल्या मांजरालाही ती येते. व्हिएन्नाच्या क्रिस्टियान हर्ब्स्ट यांच्या गटानं २०२३मध्ये तिचा माग काढला. मेंदू सेकंदाला वीस-तीस वेळा गळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतो, असं तोवर मानलं जायचं. त्यांनी आठ मांजरांची स्वरयंत्रं घेतली. ही मांजरं असाध्य आजारानं गेली होती आणि मालकांनी परवानगी दिली होती. प्रयोगशाळेत त्यांतून गरम, दमट हवा सोडली. मेंदू नाही, नस नाही, मांजर नाही. तरी घुरघुर उमटली. स्वरपट्ट्यांत रुतलेल्या जाड गाद्यांमुळे त्या इतक्या सावकाश थरथरू शकतात. ती आठ घरं कोण होती, ठाऊक नाही. आपल्या मांजराचा गळा देताना त्यांच्या मनात काय होतं, याचा विचार मी बरेचदा करतो.

कारण औषध सगळ्यांनाच लागू पडत नाही. काहींचा आजार डोळ्यांत, मेंदूत उतरतो, काहींचा थांबून पुन्हा उठतो. पोरीला काय सांगायचं, यावर घरात वाद झाला. काका म्हणाले, बरी आहे म्हणा, कारखान्याचा पट्टा पडला की येतोच आहोत. आजीला ते पटलं नाही. तिनं कॅमेरा सरळ चिंधीच्या वाळलेल्या पाठीवर धरला आणि म्हणाली, "बाय, तुझी मांजर लई आजारी हाय. दवा चालू हाय. जगंल का न्हाई ते म्या सांगू शकत न्हाई." पलीकडे ऊस भरायला आलेल्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. पोरगी रडली, आणि मग तिनं विचारलं, "गोळी खाती का पर?"

गेल्या महिन्यापासून तिला एक काम दिलंय. झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला तिसाच्या आत हवा. छातीत पाणी भरायला लागलं तर तो वाढतो. आजीची नजर आता बारीक हालचालीवर ठरत नाही. म्हणून रात्री आजी फोन वाकळेवर चिंधीच्या कुशीसमोर टेकवते आणि तीनशेहून जास्त किलोमीटरवर, कोपीच्या दारात बसून, पोरगी मोजते. मी घड्याळ धरतो.

काल एकतिसावा दिवस होता. रेंज दोनदा गेली, दोन्ही वेळा तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा मिनिट पुरं झालं.

"सव्वीस," ती म्हणाली. "दादा, तुमचे किती झाले?"