विमानतळांचा अपुरा जमाखर्च

विमानतळाच्या नव्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले की तिच्या छताचा विस्तार, खांबांची रचना, वार्षिक प्रवासीक्षमता आणि बांधकामावर खर्ची पडलेले हजारो कोटी रुपये यांची वर्णने वृत्तपत्रांत भरभरून येतात. परंतु त्या भूमीवर पूर्वी कोण राहत होते, त्यांनी ती कोणत्या अटींवर सोडली आणि त्या अटींपैकी किती पाळल्या गेल्या, ही कलमे त्या जमाखर्चात सहसा आढळत नाहीत. ज्यात घेणाऱ्याबरोबर देणाऱ्याचीही बाजू मांडलेली असते, तोच सार्वजनिक कामाचा खरा हिशेब होय. ही कसोटी लावून गेल्या साठ वर्षांतील काही विमानतळांचा आढावा घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ आपल्या दारातूनच करणे उचित होईल. १९७० साली सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना होऊन ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातील गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादन करण्याचे ठरले, तेव्हा भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर पिढ्यान् पिढ्या गुजराण करणाऱ्या आगरी-कोळी समाजाच्या हाती अगदी तुटपुंजा मोबदला पडला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या अन्यायाविरुद्ध लढा उभा राहिला, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले, आणि त्यानंतरच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व शासनाच्या गळी उतरले. पुढे नवी मुंबई विमानतळाच्या वेळी हेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. आज या पुनर्वसन योजनेची वाखाणणी होते, ती योग्यच आहे. मात्र तिच्यामागे सरकारी औदार्यापेक्षा त्या पाच जणांचे रक्त आणि तीन दशकांची चिकाटी अधिक आहे, हे विसरता कामा नये.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बत्तीस अटी घालून नवी मुंबई विमानतळास मंजुरी दिली. सुमारे अकराशे साठ हेक्टरांच्या त्या क्षेत्रासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली अशी दहा गावे उठली, सुमारे तीन हजार कुटुंबांनी घरे सोडली, नव्वद मीटरांच्या आसपास उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. सीमारेषेबाहेर राहिलेल्या डुंगी गावाची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. नकाशावर ते प्रकल्पात नव्हते. पण शेजारच्या प्रचंड भरावामुळे पावसाचे पाणी तुंबून घराघरांत शिरू लागले, तेव्हा त्याच्याही स्थलांतराचा विचार करणे सिडकोस भाग पडले.

पंचनाम्याच्या वेळी घराच्या भिंती मोजल्या जातात, छप्पर कौलारू की पत्र्याचे हे लिहिले जाते, विहीर, आंबा, नारळ यांची गणती होते आणि सातबाऱ्यावरील खातेदारांची नावे उतरवून घेतली जातात. परंतु ओहोटी लागताच गुडघाभर चिखलात उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरणाऱ्या, त्या टोपलीत घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईच्या उपजीविकेसाठी त्या कागदावर रकाना नसतो. खाडी तिच्या नावावर नव्हती, म्हणून खाडीचे नुकसान तिचे नुकसान ठरत नाही. भरती-ओहोटीचे जे ज्ञान तिला सासूकडून मिळाले, त्याचा उपयोग तिच्या सुनेस पुढे होणार नसतो. भूखंड जमिनीच्या प्रमाणात मिळतो. ज्यांच्यापाशी जमीनच नव्हती, त्यांचा वाटा कोणत्या प्रमाणात काढावयाचा?

संमतीवाचून जमीन घेण्याची किंमत किती मोठी होऊ शकते, हे जपानने अनुभवले. ४ जुलै १९६६ रोजी तेथील मंत्रिमंडळाने तोक्योच्या नव्या विमानतळासाठी नारिता येथील सानरिझुका भागाची निवड केली, ती शेतकऱ्यांना विश्वासात न घेताच. युद्धोत्तर काळात मांचुरियातून परतलेल्या अनेक निर्वासित कुटुंबांनी तेथील माळरान नुकतेच लागवडीखाली आणले होते. त्या शेतकऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने जो प्रतिकार केला, त्यात दोन्ही बाजूंचे बळी पडले. मार्च १९७८ मध्ये, उद्घाटनाच्या तोंडावर, आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रसामग्रीची मोडतोड केली आणि विमानतळ अखेर २० मे रोजी सुरू झाला. पुढे शासनास सक्तीच्या संपादनाचा मार्ग सोडावा लागला, १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी क्षमायाचना केली, आणि धावपट्ट्यांच्या परिसरात काही शेते तशीच उभी राहिली. आरंभी जो संवाद काही महिन्यांत होऊ शकला असता, तो पाव शतकानंतर करावा लागला.

कॅनडाने जमिनीच्या हव्यासाची किंमत मोजली. माँट्रियलजवळच्या मिराबेल विमानतळासाठी सुमारे सत्त्याण्णव हजार एकर, बहुतांशी सुपीक, जमीन ताब्यात घेण्यात आली. १९७५ मध्ये तो सुरू झाला, पण अपेक्षित प्रवासी आलेच नाहीत. १९८० च्या दशकात बहुतेक जमीन परत देण्याची पाळी आली, २००४ मध्ये प्रवासी वाहतूक थांबली आणि २०१४ पासून ती इमारत पाडण्यात आली. भविष्यातील गर्दीचे अंदाज चुकू शकतात, हे मान्यच; पण त्या चुकीचे प्रायश्चित्त अंदाज बांधणाऱ्यांनी न घेता ज्यांची वतने गेली त्यांनी घ्यावे, हा कोठला न्याय?

पैशाच्या बाबतीत प्रवासीही सुटत नाही. मुंबई विमानतळाच्या आधुनिकीकरणासाठी २००९ पासून देशांतर्गत प्रवाशाकडून शंभर आणि परदेशी जाणाऱ्याकडून सहाशे रुपये विकास शुल्क घेतले जाऊ लागले, म्हणजे इमारत उभी राहण्यापूर्वीच तिच्या खर्चाचा बोजा त्याच्यावर पडला. नियामक प्राधिकरणाने दर ठरविल्यावाचून केलेली ही आकारणी एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविली. विलंबाने आणि वाढीव अंदाजपत्रकांनी जो खर्च फुगतो, तो शेवटी तिकिटातूनच वसूल होतो.

चौकशी सावकाश आणि उघडपणे केल्यास काय साधते, याचे उदाहरण लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे आहे. तेथील पाचव्या इमारतीची सार्वजनिक सुनावणी मे १९९५ ते मार्च १९९९ अशी चालली आणि तिची प्रत्यक्ष बैठक पाचशे पंचवीस दिवस झाली. दीर्घसूत्रीपणाचा आरोप तिच्यावर झाला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. परंतु २००१ मध्ये परवानगी मिळाली ती वार्षिक उड्डाणांची मर्यादा चार लाख ऐंशी हजारांवर बांधूनच. रहिवाशांच्या तक्रारीला बंधनकारक अटीचे रूप येणे, हे त्या विलंबाचे फलित होय.

आता पुण्याजवळच्या पुरंदरकडे वळू. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, पारगाव आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याशी नाते असलेले खानवडी, अशा सात गावांची, अंजीर-सीताफळाच्या बागांची जमीन तेथील विमानतळासाठी मागण्यात आली आहे. आधी ठरविलेले क्षेत्र ग्रामस्थांच्या विरोधानंतर जवळजवळ निम्म्यावर आले. यावरून असा प्रश्न साहजिकच उद्भवतो की, विरोध झाला नसता तर उरलेली निम्मी जमीनही मुकाट्याने गेली असती काय?

विमानतळ नकोतच, असे माझे म्हणणे नाही. वाढत्या शहरांना ते लागणारच. माझी मागणी एवढीच की, जमिनीची गरज संपादनापूर्वी जाहीर सुनावणीत सिद्ध व्हावी, घर पाडण्यापूर्वी नवे घर राहण्याजोगे तयार असावे, सातबारा नसलेल्या कष्टकऱ्यांची उपजीविका पंचनाम्यात नोंदली जावी, वापरात न आलेली जमीन मूळ खातेदारास परत मिळावी, आणि घातलेल्या अटींच्या अंमलबजावणीचा ताळेबंद दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन कायद्याने घालावे. यांपैकी कोणतीही गोष्ट असाध्य नाही. साडेबारा टक्क्यांचे तत्त्वही एके काळी असाध्यच म्हटले जात होते. ते मिळविण्यासाठी माणसांना जीव द्यावा लागला. पुढच्या गावांना त्यांचा न्याय्य हक्क अर्ज केल्यावर मिळावा, इतकी प्रगती या राज्याने चार दशकांत करावयास हवी होती, आणि ती करण्याची संधी शासनापुढे आज पुरंदरच्या रूपाने उभी आहे.