पाच गोलांनंतर

कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठाकाठाने तागाच्या गिरण्यांची जी रांग लागते, ती बराकपूरवरून पुढे श्यामनगर आणि नैहाटीपर्यंत जाते. बराकपूर उपविभागातील ह्या श्यामनगरचा सुब्रत भट्टाचार्य १९७४ मध्ये मोहन बागानच्या बचावफळीत आला. दुसऱ्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९७५ रोजी, आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगालने त्याच्या संघाचा ५-० असा पराभव केला. खेळाडूंना ती रात्र संतप्त चाहत्यांपासून दूर, गंगेवर एका होडीत काढावी लागली असे सांगतात. एका तरुण चाहत्याने त्या निराशेत आत्महत्या केली.

पाच गोल खाल्लेल्या संघाचा बचाव दुबळा, असेच कोणीही म्हणेल. चार गोल झाल्यावर गोलरक्षक भास्कर गांगुली ह्याला बाहेर काढण्यात आले आणि पुढल्या हंगामात तो मोहन बागानमध्ये राहिला नाही. परंतु सुब्रतला हलविण्यात आले नाही, आणि ह्यातच क्लबच्या चालकांचे शहाणपण दिसते. १९७० पासून सलग सहा वर्षे लीगचे विजेतेपद ईस्ट बेंगालकडे होते. खरी उणीव पुढच्या फळीत होती. चेंडू तेथे टिकत नसे, लगेच परत येई, आणि मग बचावपटूंना उसंत म्हणून मिळत नसे.

त्या काळी कलकत्त्याचा फुटबॉल कागदोपत्री हौशी होता. खेळाडू बँकेत वा रेल्वेत नोकरी करीत. पण दरवर्षी क्लब बदलण्याचे दिवस आले की नामांकित खेळाडूंसाठी मोठ्या क्लबांत ओढाताण सुरू होई. १९७६ मध्ये मोहन बागानने प्रथम प्रशिक्षक आणला, तोही थेट प्रतिस्पर्ध्याकडून. पी. के. बॅनर्जी १९७२ पासून ईस्ट बेंगालला शिकवीत होते. त्या पाच गोलांमागची आखणी त्यांचीच. त्यांच्याबरोबर सुभाष भौमिक ईस्ट बेंगालमधून परतला, आणि महंमद हबीब व महंमद अकबर हे हैदराबादचे दोघे बंधू महंमडन स्पोर्टिंगमधून आले.

ह्या निवडीत नावांपेक्षा कामांची वाटणी महत्त्वाची होती. भौमिक अंगाने दणकट. दोघातिघांना अंगावर घेऊन तो चेंडू पुढे नेई. हबीब ठेंगणा, पण कमालीचा झुंजार. आघाडीचा खेळाडू असूनही तो मध्यफळीत उतरून चेंडू हिसकावून आणी. त्याने निर्माण केलेली संधी पुरी करण्यास अकबर होता. २४ जुलै १९७६ रोजी लीगमध्ये ईस्ट बेंगालशी गाठ पडली तेव्हा अकबरने सतराव्या सेकंदाला गोल केला. सामना १-० असा सुटला आणि १९६९ नंतर प्रथमच लीग मोहन बागानकडे आली.

१९७७ मध्ये ईस्ट बेंगालमधून आणखी तिघे आले : पूर्वी मुंबईच्या मफतलाल संघातून खेळलेला श्याम थापा, मध्यफळीतील गौतम सरकार आणि बचावपटू सुधीर कर्मकार. कागदावर इतका भारी संघ क्वचितच जमला असेल. तरीही लीगमध्ये, जवळजवळ रित्या झालेल्या ईस्ट बेंगालने त्याला २-० असे हरविले आणि विजेतेपदही नेले. नवी माणसे एकमेकांच्या धावा ओळखू लागेपर्यंत वेळ जातोच. चाहत्यांना मात्र तो वेळ द्यायचा नसतो. आधीच्या घडीला हात लावायला नको होता, असे म्हणणारेही निघाले असतील.

बॅनर्जींनी ती आघाडी मोडली नाही. २४ सप्टेंबरला ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसशी २-२ अशी बरोबरी झाली. मोहन बागानचे दोन्ही गोल हबीब आणि श्याम थापा ह्यांचे; पेलेवर नजर ठेवण्याचे काम गौतम सरकारकडे होते. काही दिवसांतच शील्डचा अंतिम सामना आला. समोर पुन्हा ईस्ट बेंगाल. श्याम थापाच्या एका गोलाने तो जिंकला गेला. दोन वर्षांपूर्वी त्याच सामन्यात मोहन बागानवर दोन गोल चढविणारा खेळाडू हाच होता. त्या हंगामात मुंबईचा रोव्हर्स चषक आणि दिल्लीचा ड्युरँड चषकही मोहन बागानने मिळविला.

भास्कर गांगुली ईस्ट बेंगालमध्ये गेला, आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत भारताचे नेतृत्व त्याने केले. श्यामनगरचा सुब्रत १९९० पर्यंत मोहन बागानच्याच बचावफळीत खेळला.