पहिली शीट कुठं ठेवायची?

परवा एका शिक्षणसंस्थेनं वसतिगृहाच्या कामासाठी माझा पोर्टफोलिओ मागवला. तीसहून अधिक वर्षांच्या व्यवसायातून वीस पानं निवडायची होती. ऑफिसातल्या तरुण सहकारी मुलीनं फाइल उघडली आणि पहिल्याच पानावर थांबून विचारलं, "सर, हे कुठं बांधलंय?"

ते कुठंच बांधलेलं नव्हतं. गिरणगावातल्या एका चाळीच्या पुनर्रचनेचा तो माझा पाचव्या वर्षाचा प्रकल्प होता, १९९२ सालचा. ट्रेसिंगवर रॉट्रिंगनं काढलेला, चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडलेला. इतकी वर्षं तो फाइलमध्ये मानाच्या जागी बसला होता आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

विद्यार्थ्याच्या कामाला ना क्लायंट असतो, ना अंदाजपत्रक, ना महापालिकेची मंजुरी. कागदावरची गच्ची कधीच गळत नाही! ती दाखवून पन्नाशी उलटलेल्या माणसानं काम मागावं, म्हणजे आजोबांनी मॅट्रिकचे गुण सांगत फिरण्यासारखंच झालं.

मग थोरामोठ्यांनी काय केलं? चंदीगडची आखणी करणारे ल कॉर्ब्युझिए यांनी आपल्या समग्र कामाचे खंड काढताना स्वित्झर्लंडमधल्या आपल्या जन्मगावी बांधलेली सुरुवातीची बहुतेक घरं सरळ गाळून टाकली. ती तर प्रत्यक्ष उभी होती! याउलट झाहा हदीद. लंडनमध्ये शिकत असताना, १९७६-७७ साली, त्यांनी थेम्स नदीवरच्या पुलावर एक हॉटेल कल्पिलं. ते बांधलं गेलं नाही. पण त्यांच्या कामाची कहाणी आजही तिथूनच सांगितली जाते. कारण पुढच्या इमारतींचं बीज त्या चित्रात होतं. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाची गोष्ट आणखी वेगळी. १९८१ साली १४२१ प्रवेशिकांमधून निवड झाली ती माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची, आणि पुढच्याच वर्षी स्मारक उभंही राहिलं. ते कोण गाळेल?

म्हणजे प्रश्न कामाच्या वयाचा नाही. त्यातलं पुढं काय उगवलं, हा आहे.

हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि गप्प झालो. त्या शीटवर मी प्रत्येक मजल्यावर सामायिक गॅलरी काढली होती. मुलं खेळतील, बायका धान्य निवडतील, दोन्ही बाजूंनी वारा वाहील. पुढं मी इमारती बांधल्या, पुष्कळ बांधल्या. गॅलरी पहिल्याच बिल्डरनं "फुकट जाणारी जागा" म्हणून खोडायला लावली. दुसऱ्या वेळी मीच ती काढली नाही. म्हणजे ती शीट माझी जाहिरात नव्हतीच; माझ्याविरुद्धची साक्ष होती.

नव्यानं पास झालेल्यांनी विद्यार्थिदशेतलं काम जरूर दाखवावं. त्यांच्यापाशी दुसरं असतं काय? पण बांधलेल्या कामाची पाच-सहा पानं झाली, की त्यानं मागं सरावं. राहिलंच तर एकच पान, साल आणि 'विद्यार्थी असताना' असं स्पष्ट लिहून. समितीपुढं बसलेल्यांना ते न विचारता कळलं पाहिजे.

मी ती शीट फाइलमधून काढली. फेकली मात्र नाही. टेबलासमोरच्या भिंतीवर लावली. वसतिगृहाच्या कच्च्या आराखड्यात दर मजल्यावर दोन मीटरची गॅलरी आहे. समितीतलं कुणीतरी ती खोडायला सांगेलच. या वेळी मी काय करतो, ते मलाही पाहायचंय.