नव्या औषधाची परीक्षा कशी होते?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

व्हाउचर नसेल तर नोंद करू नये, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच शिकवतात. वैद्यकशास्त्रातही हाच नियम आहे, आणि त्याचे एक ठळक उदाहरण आपल्याच बेळगाव जिल्ह्यात घडले आहे.

बाळंतपणानंतर अंगावरून फार रक्त जाऊन बाई दगावते, हे दुःख खेड्यापाड्यांना नवे नाही. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन हा त्यावरील उपाय. पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचणारा जाणकार लागतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी स्वस्त, तोंडाने घेण्याजोगी आणि फ्रिजशिवाय टिकणारी. परंतु खेड्यातील बाळंतपणात तिचा गुण येतो काय?

हे पाहण्यासाठी बेळगावचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतील विद्यापीठांचे संशोधक एकत्र आले. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात ग्रामीण भागातील १६२० स्त्रिया चाचणीत सहभागी झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ८१२ जणींच्या वाट्याला खरी गोळी आली, तर ८०८ जणींच्या वाट्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे ना बाळंतिणीला ठाऊक, ना नर्सबाईला. त्यामुळे कोणाच्या मनाचा कल हिशेबात उतरला नाही. रक्तही नजरेच्या अंदाजाने मोजले नाही. मापाच्या खुणा असलेली पिशवी जोडलेले प्लॅस्टिकचे कापड बाळंतिणीखाली अंथरून मोजले.

निकाल २००६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. औषध नसलेल्या गटात शेकडा १२ स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत शेकडा ६.४. अतितीव्र रक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १.२ वरून ०.२ वर आले. थंडी वाजणे, ताप येणे हे त्रास मात्र वाढले, आणि तेही निकालात नमूद आहेत. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

मग निम्म्या बायकांना रिकामी गोळी देणे न्यायाचे होते काय? त्या काळी तेथील घरगुती बाळंतपणांत असे औषध देण्याची रीत नव्हती, म्हणजे कोणाचा चालू उपाय काढून घेतला नव्हता, हे त्याचे समर्थन. मला ते पटते. पण एका अटीवर. त्या बाईला सारे समजले पाहिजे आणि तिचा होकार मनापासूनचा हवा.

ही अट आपल्या भागात सोपी नाही. एका घरात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडे उर्दू. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर उठवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. म्हणून दोन्ही भाषा येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. आपल्या गल्लीत कोणापुढे असा कागद आला, तर तो वाचून दाखवा आणि तीन प्रश्न विचारायला लावा. पैसा कोणाचा? अपाय झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार? मध्येच नको म्हटले तर चालेल ना? भारतीय नियमांनुसार तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'चालेल' असेच आहे.

परदेशाशी सहकार्य अवश्य व्हावे. मात्र त्या खात्यावर सर्वांत मोठी जमा आपल्या खेड्यातील बायाबापड्यांची आहे, हे विसरू नये.