संगणक घेताना कार्ड आणि केबल पाहून घ्या

शिरूर-दौंड भागातील आपले व्यापारी व कारागीर बांधव हिशेब, जीएसटीची बिले आणि लग्नपत्रिकांच्या कामासाठी संगणक घेतात. अशा वेळी महागडे ग्राफिक्स कार्ड गळ्यात पडण्याचा धोका असतो. गरज नसताना ते व्याजी हप्त्यावर घेणे म्हणजे भांडवलही अडकले आणि इसराफही झाला.

हिशेब व पत्रिकांच्या मांडणीला प्रोसेसरमधील ग्राफिक्स पुरेसे आहे. मात्र इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असेल तर ही सोय नसते. वेगळे कार्ड घ्यावेच लागते. रांजणगावच्या कारखान्यांसाठी सुट्या भागांची त्रिमितीय ड्रॉइंग करणाऱ्याने मात्र कार्ड जरूर घ्यावे आणि पॉवर सप्लायही त्याला पेलणारा घ्यावा.

मॉनिटर जुनाच वापरायचा असेल तर त्याचे सॉकेट आधी पाहावे. १५ पिनांची व्हीजीए जोडणी आयबीएमने १९८७ साली आणली. नव्या कार्डांवर ती नसते. एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट असतात. तेथे नुसती केबल चालत नाही, सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो. वेगळे कार्ड बसविल्यास केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डालाच लावावी.

पैसे देण्यापूर्वी आपल्याच मॉनिटरवर संगणक चालवून पाहावा आणि पक्के बिल घ्यावे.