दीडशे किलोमीटर आणि एक तिथी

दक्षिण पॅसिफिक महासागरात सामोआच्या उपोलू बेटावरील फालेओलो विमानतळ आणि अमेरिकेच्या अंमलाखालील तुतुइला बेटावरील पागो पागो विमानतळ यांत सरळ रेषेने सुमारे १५० किलोमीटरांचे अंतर आहे, म्हणजे मुंबईहून मोटारीने पुण्यास जाणारा मनुष्य जेवढा रस्ता कापतो जवळजवळ तेवढेच. तथापि सोमवारी सकाळी फालेओलोहून निघालेला उतारू पागो पागोच्या भूमीवर पाऊल ठेवतो, तेव्हा तेथे रविवारची सकाळ चाललेली असते.

अंतर हे एकच असते, पण प्रवासाचा काळ मात्र दिशेगणिक बदलतो. या प्रदेशात आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि पागो पागोही फालेओलोच्या पूर्व-आग्नेयेसच आहे. म्हणून ताशी २७० किलोमीटर वेगाच्या छोट्या विमानास ताशी ३० किलोमीटरांचा वारा अगदी समोरून लागला, तर जाताना साडेसदतीस मिनिटे पडतील आणि परतताना तोच वारा पाठीशी आल्यामुळे तीस मिनिटे पुरतील. धावपट्टीपर्यंत जाणे, आकाशात चढणे व उतरणे यांचा वेळ यात धरलेला नाही. वेळापत्रकात मात्र तो जमेस धरावाच लागतो.

परंतु एक संपूर्ण दिवस कोठे जातो, याचे उत्तर वाऱ्यात नसून व्यापारात आहे. १८९२ पर्यंत सामोआची तारीख आशियाच्या बाजूची होती. अमेरिकी व्यापाऱ्यांच्या आग्रहास्तव ती अमेरिकेशी जुळविण्यात आली आणि त्यासाठी त्या वर्षी ४ जुलै हा दिवस लागोपाठ दोनदा मोजला गेला. पुढे सामोआचा व्यवहार ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी वाढला, तेव्हा आपल्याकडे शुक्रवार असताना तिकडे शनिवारची सुटी आणि आपल्याकडे रविवार असताना तिकडची दप्तरे उघडलेली, अशी दर आठवड्यास दोन दिवसांची खोट येऊ लागली. म्हणून २०११ साली सरकारने कायदा करून ३० डिसेंबरचा शुक्रवार गाळला, आणि गुरुवारी रात्री निजलेली प्रजा शनिवारी सकाळी जागी झाली. तुतुइलाची तारीख मात्र होती तेथेच राहिली, म्हणून आज या दोन शेजाऱ्यांच्या घड्याळांत तासही तोच असतो आणि मिनिटही तेच, फक्त वार निराळा असतो.

पंचांगाची सवय असलेल्या मराठी वाचकास यात फारसे नवल वाटू नये, कारण वृद्धितिथी आणि क्षयतिथी त्याच्या परिचयाच्याच आहेत. फरक इतकाच, की आपल्या तिथीची क्षयवृद्धी सूर्यचंद्रांच्या गतीने ठरते, तर सामोआची सरकारी फर्मानाने ठरली. त्या कायद्यात एक शहाणपण मात्र होते: गाळलेल्या शुक्रवारचा पगार मालकांनी चाकरांना द्यावा, अशी तजवीज करून सरकारने तिथीचा क्षय होऊ दिला, मजुरीचा होऊ दिला नाही.