कोरड्या हवेचा हिशेब

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. त्यावर साडेचार मिलिमीटरचा छर्रा पुन्हा पुन्हा बसवायचा, तर नेमबाजाची नजर, श्वास आणि ट्रिगरवरचे बोट स्थिर हवेच. पण छर्र्याला ढकलणारी हवाही दर वेळी सारखीच असावी लागते. सिडनी ऑलिंपिकमध्ये 2000 साली अंजली भागवत या प्रकारात अंतिम फेरीत पोहोचल्या. 2022 मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला. अशा यशाकडे पाहून मुलाच्या किंवा मुलीच्या हाती रायफल देणाऱ्या आईवडिलांसमोर लवकरच एक प्रश्न उभा राहतो: सिलिंडर रिकामा झाला की हवा कुठून भरायची?

मग कॉम्प्रेसरचा शोध सुरू होतो आणि जाहिरातीतला 300 बारचा आकडा नजरेत भरतो. तेवढा दाब आज बहुतेक यंत्रे गाठतात, म्हणून निवड त्या आकड्यावर करू नये. हवा किती थंड, किती स्वच्छ आणि मुख्य म्हणजे किती कोरडी होऊन बाहेर येते, हे आधी पाहावे. चार महिने पाऊस अनुभवणाऱ्या महाराष्ट्रात तर हाच पहिला निकष असायला हवा.

पंक्चरच्या दुकानात का भागत नाही?

दाबलेल्या हवेवर चालणारी बंदूक नवी नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरांदोनी नावाची एअर रायफल होती. तिचा हवेचा साठा हातपंपाने भरायला हजाराहून जास्त दट्टे मारावे लागत. एअर रायफल 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आली. खेळातल्या बंदुका आधी स्प्रिंगच्या, मग बाजूच्या दांड्याने हवा दाबणाऱ्या होत्या. पुढे कार्बन डायऑक्साइड आला, पण त्याचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. अखेर आधीच भरून ठेवलेल्या हवेची, म्हणजे पीसीपी रायफल स्थिरावली. तिच्या छोट्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बारची हवा असते. आतला रेग्युलेटर ती कमी आणि एकसारख्या दाबावर आणतो.

मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारपर्यंत जातो. आपल्याला त्याच्या वीसपट दाब हवा असतो, मात्र हवा फारच थोडी लागते. 200 मिलिलिटरचा सिलिंडर 100 बारवरून 200 वर न्यायला बाहेरची जेमतेम 20 लिटर हवा पुरते आणि एकदा भरलेल्या सिलिंडरवर शेकडो छर्रे झाडता येतात. घरच्या एका नेमबाजाची गरज एवढीच असते. ती लक्षात न घेता अनेकजण गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतात आणि मग त्याची देखभाल झेपत नाही.

उष्णता आणि पाणी

हवा दाबली की तापते. 30 अंशांची हवा एकाच दमात 300 पट दाबली आणि उष्णतेला बाहेर पडू दिले नाही, तर कागदावरच्या हिशेबाने तापमान हजार अंशांच्या पुढे जाते. हेच काम दोन टप्प्यांत विभागले आणि मधे हवा थंड केली, तर प्रत्येक टप्प्यात ते सुमारे 400 अंशांवर येते. तीन टप्प्यांत अडीचशे, चार टप्प्यांत सुमारे एकशे ऐंशी. प्रत्यक्षात काही उष्णता धातूतून निघून जाते, तरी कल हाच राहतो. म्हणून डायव्हिंगसाठी किंवा अग्निशमन दलासाठी बनवलेली तीन-चार टप्प्यांची यंत्रे तासन्‌तास चालतात आणि दोन टप्प्यांचे छोटे यंत्र थोड्याच वेळात थांबवावे लागते. विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा: किती टप्पे आहेत, आणि सलग किती मिनिटे चालवायची परवानगी आहे?

दुसरा शत्रू पाणी. जुलैत रत्नागिरीच्या 30 अंशांच्या, 80 टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला सुमारे 24 ग्रॅम वाफ असते. 12 लिटरचा सिलिंडर 300 बारपर्यंत भरायला अशी 3600 लिटर हवा लागते, म्हणजे तिच्याबरोबर 80 ग्रॅमहून जास्त पाणी आत येते. दाबलेल्या हवेत त्यातले अर्धा ग्रॅमसुद्धा वाफेच्या रूपात राहू शकत नाही. ओले कापड पिळावे तशी हवा पिळली जाते आणि उरलेले सगळे पाणी कुठेतरी साचते. नागपूरच्या मे महिन्यात, 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता धरली, तरी तेवढ्याच सिलिंडरमागे तीसेक ग्रॅम पाणी निघते. म्हणजे विदर्भातल्या नेमबाजालाही सुटका नाही.

हे पाणी सिलिंडरमध्ये पोहोचले तर पोलाद गंजते, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि तेच कण रेग्युलेटरमध्ये अडकतात. मग छर्र्यांचा वेग सारखा राहत नाही. मूल तासन्‌तास सराव करते, प्रशिक्षक पवित्रा सुधारत बसतात, आणि खरा दोष सिलिंडरच्या पोटात असतो. मेहनत अशी वाया जाणे मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ते टाळता येते.

घ्यायचे काय?

पर्याय चार. पहिला तीन टप्प्यांचा हातपंप: स्वस्त, विजेविना चालणारा, एका रायफलीला पुरणारा. शेवटच्या 50 बारला अंगाचा पूर्ण भार टाकावा लागतो, त्यामुळे लहान मुलांना तो झेपत नाही. मधे विश्रांती घेत, सावकाश चालवला तर टिकतो.

दुसरा, मोटारीच्या बॅटरीवर किंवा घरच्या विजेवर चालणारा सुटकेसएवढा कॉम्प्रेसर. रायफलीचा सिलिंडर थेट भरायला हा उत्तम. मोठी टाकी भरायला तो लावला, तर पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात.

तिसरा, पाण्याने थंड होणारा, दीड-दोन किलोवॅटचा टेबलावरचा कॉम्प्रेसर. चार-सहा नेमबाजांच्या गटाला हा परवडतो, पण त्याला माणूस शेजारी लागतो. बादलीतले पाणी तापते, ते बदलावे लागते. याला 16 अँपियरचा स्वतंत्र पॉइंट द्यावा. बारीक वायरचे लांब एक्स्टेन्शन लावले की व्होल्टेज पडते आणि मोटर जळते. चौथा, तीन-चार टप्प्यांचा मोठा कॉम्प्रेसर, हा रेंजने किंवा अकादमीनेच घ्यावा.

यंत्र कोणतेही असो, बजेटमधला मोठा हिस्सा हवा सुकवण्यासाठी राखून ठेवा. सोबत मिळणारी कापसाची छोटी नळी पुरेशी नसते. पाणी-तेल वेगळे करणारा विभाजक, त्यापुढे मॉलिक्युलर सीव्ह आणि सक्रिय कोळसा भरलेला फिल्टर अशी रचना हवी. फिल्टरच्या पुढे दाब रोखून धरणारा व्हॉल्व्ह असेल तर फारच चांगले: हवा सुरुवातीपासून उंच दाबाखाली राहते, बहुतेक पाणी विभाजकातच गळून पडते आणि सीव्हवर ताण कमी येतो. सीव्हचे दाणे उघडे ठेवू नका. ते बाहेरच्या हवेतलेच पाणी शोषून निकामी होतात.

चालवताना

दर पाच-दहा मिनिटांनी ड्रेन व्हॉल्व्ह उघडून साचलेले पाणी सोडावे. हवा आत घेणारे तोंड स्वच्छ, सावलीतल्या जागी असावे. दुचाकीच्या धुराजवळ किंवा धूळ उडत असेल तिथे नको. शक्य असेल तर वातानुकूलित खोलीतली हवा द्यावी, किंवा मोठ्या टाक्या हिवाळ्यातच भरून ठेवाव्यात. तेल उंच दाबाच्या कॉम्प्रेसरसाठी सांगितलेलेच वापरावे. साधे इंजिन ऑइल तापलेल्या दाबाखालच्या हवेत पेट घेऊ शकते.

सिलिंडर सावकाश भरावा. घाईने भरताना तो तापतो. 60 अंशांवर 200 बार दाखवणारे गेज सिलिंडर 30 अंशांवर आल्यावर 182 च्या आसपास येते. नळी काढण्याआधी तिच्यातला दाब ब्लीड व्हॉल्व्हने सोडून द्यावा. दाबाखाली सुटलेली नळी चाबकासारखी फिरते. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे लावूनच यंत्र सुरू करावे. ही हवा श्वासासाठी तपासलेली नसते, त्यामुळे ती डायव्हिंगच्या टाकीत भरू नये.

तीन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घेऊ नये. तेल-ग्रीसचा अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. गाडीतून काढलेली जुनी सीएनजीची टाकी हवेसाठी वापरू नये; आत उरलेला वायू आणि तेल दाबाखालच्या हवेत पेटू शकतात. आणि तारीख उलटलेला सिलिंडर भरू नये. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार बंदुकीच्या सिलिंडरची मुदत कमाल 10 वर्षे असते आणि ती पाहण्याची जबाबदारी खेळाडूची असते. मोठ्या टाक्यांची ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्यावी लागते. अर्ध्या लिटरहून मोठे सिलिंडर केंद्राच्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात. त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. टाकी घेताना ‘पेसो’च्या मान्यतेचा शिक्का पाहावा.

कायद्याची आणखी एक गोष्ट. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार पॉइंट 177 पेक्षा मोठ्या कॅलिबरच्या किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागतो. स्पर्धेतली रायफल त्या मर्यादेच्या बरीच खाली, साडेसात ज्यूलच्या आसपास असते. शक्तिशाली कॉम्प्रेसर आला म्हणून बंदुकीची ताकद वाढवत बसू नये, आणि पाखरांवर तर ती मुळीच रोखू नये. वन्यजीवांची शिकार 1972 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

एकत्र घ्या

300 बारला भरलेली 12 लिटरची एक टाकी 200 पर्यंत उतरेपर्यंत 1200 लिटर हवा देते. म्हणजे रायफलीचे सिलिंडर 100 बारवरून 200 वर साठेक वेळा नेता येतात. दहा मुलांच्या गटाला ती बराच काळ पुरेल. म्हणून प्रत्येक घराने वेगळा, दोन टप्प्यांचा स्वस्त कॉम्प्रेसर घेण्यापेक्षा तालुक्याच्या रेंजवर सगळ्यांनी मिळून एक चांगला कॉम्प्रेसर, एक नीट फिल्टर आणि दोन प्रमाणित टाक्या घ्याव्यात. भरण्याची जबाबदारी एका प्रशिक्षित प्रौढ व्यक्तीकडे असावी. यंत्र किती तास चालले, तेल आणि सीव्ह कधी बदलले, प्रत्येक सिलिंडरची मुदत कधी संपते, याची वही भिंतीला टांगलेली असावी.

क्रीडा विभाग आणि जिल्हा संघटना रेंजसाठी इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांचा विचार करतात, तो योग्यच आहे. त्याच यादीत कोरडी हवा भरण्याची सोयही लिहिली जावी. लक्ष्ये आणि रायफली यांच्या तुलनेत हा खर्च थोडा असतो, आणि घरी कॉम्प्रेसर घेणे न परवडणाऱ्या मुलांना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.